तोंडीं लावण्याची भाजी



आपल्या भाषेंत भाजीला एक जुनें नांव आहे : 'तोंडीं लावणें'. पाहुणा घरीं आला म्हणजे गृहिणी विचारते, "तोंडीं लावायला काय करूं?" भाजीची आपल्या घरांतील पायरी या दोन शब्दांत पुरती उतरली आहे. जेवण म्हणजे भाकर, पोळी किंवा भात. त्या घासाला चव यावी म्हणून बोटभर लावावयाची ती भाजी. चटणी, लोणचें आणि भाजी हीं तिन्ही जणूं एकाच पंक्तीचीं. मीं मॅट्रिक होऊन मास्तरकी धरली आणि उभें आयुष्य मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यांत घालविलें. तेव्हां आजचें भाषणहि एका शब्दापासूनच सुरू करतों. हा शब्द गोड आहे, पण त्यानें आपल्या ताटाची मोठी फसवणूक केली आहे, एवढेंच मला आज दाखवावयाचें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं भारतीयांच्या आहाराविषयीं नवे नियम प्रसिद्ध केले. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठीं त्यांत धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, फळें १०० ग्रॅम आणि भाजी ४०० ग्रॅम सांगितली आहे. हीं सारीं वजनें कच्च्या जिनसांचीं. म्हणजे तराजूंत घातलीं तर भाजीचें पारडें धान्याच्या कितीतरी खालीं जातें. या हिशेबानें तोंडीं लावावयाची ती भाजी नव्हे, भाकरच होय! जागतिक आरोग्य संघटना फळें व भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम खा म्हणून सांगते, आणि त्यांत बटाटा व रताळें मोजूं नका अशी पुस्तीहि जोडते. कारण तीं पिष्टमय, म्हणजे गुणानें धान्याच्याच पंगतीला बसणारीं. आपल्या घरीं मात्र 'आज भाजी कोणती?' या प्रश्नाचें उत्तर आठवड्यांतून किती वेळां 'बटाट्याची' असें येतें, तें ज्याचें त्यानें आठवावें.

भाजीला ही खालची पायरी सगळ्या जगानें दिलेली नाहीं. कोरियांत हिंवाळ्याच्या तोंडावर घरचीं माणसें व शेजारीपाजारी एकत्र जमून कोबी आणि मुळे मीठ-मिरची लावून आंबवितात. या आंबविलेल्या भाजीला ते 'किमची' म्हणतात. बर्फ पडून शेतांत हिरवें पान उरत नाहीं, तेव्हां ही बरणी हाच त्यांचा भाजीमळा. हें हिंवाळ्यासाठीं किमची घालण्याचें सामुदायिक काम 'किमजांग' या नांवानें ओळखलें जातें. २०१३ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. जर्मन लोकहि कोबी मिठांत आंबवून ठेवतात. इंग्रज दर्यावर्दी कुक १७६८ सालीं 'एन्डेव्हर' जहाज घेऊन निघाला, तेव्हां हाच आंबट कोबी त्यानें बरोबर घेतला होता. चिनी आचारी कढई धगधगीत तापवून चिरलेली भाजी दोन-चार मिनिटांत परतून काढतो. तिचा हिरवा रंगहि जात नाहीं आणि करकरीतपणाहि. इथिओपियांतील ख्रिस्ती लोकांत वर्षाचे पुष्कळ दिवस उपवासाचे असतात. त्या दिवशीं मांस, दूध व लोणी वर्ज्य. म्हणून ताटांत डाळी आणि हिरव्या पानांची भाजी यांना मानाचें पान मिळतें. आमच्या उपवासांत मात्र साबुदाणा आणि बटाटा! आणि गंमत अशी, कीं हीं दोन्ही मुळचीं दक्षिण अमेरिकेच्या पिकांचीं. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचा, आणि बटाटा अँडीज पर्वतांतला.

नुसता बटाटाच कशाला? मिरची, टोमॅटो, लाल भोपळा हीं सारीं अमेरिकेंतूनच जगभर पसरलीं. 'बटाटा' हा शब्दसुद्धां आपण पोर्तुगीजांकडून घेतला. भेंडी आफ्रिकेंतली. वांगें तेवढें आशियाचें, आपल्या बाजूचें. मिरचीवांचून वऱ्हाडी रस्सा आज कल्पनेंतहि येत नाहीं. पण पांच-साडेपांचशें वर्षांमागें या देशांत कोणी मिरची पाहिलीहि नव्हती. तात्पर्य, भाजीला स्वदेश-परदेश नाहीं. ती माणसाबरोबर जाते, तेथल्या मातींत रुजते, आणि चार पिढ्यांत घरची होते.

आतां भाजींत असें आहे तरी काय, कीं तिच्यावांचून चालूं नये? याचा पहिला पक्का पुरावा समुद्रावर सांपडला. लांबच्या प्रवासांत खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त वाही, जुन्या जखमा पुन्हां उघडत आणि माणसें मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या डॉक्टरानें 'सॅलिसबरी' जहाजावर असे बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्रीं आणि लिंबू मिळालें ते सहा दिवसांत सुधारले. तरीहि इंग्रजी आरमारानें लिंबाचा रस सर्रास देऊं करावयास १७९५ साल उजाडलें. त्या रसांतील गुणकारी द्रव्य, ज्याला आपण 'क' जीवनसत्त्व म्हणतों, तें पुढें हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञानें वेगळें काढलें. आणि मोठ्या प्रमाणावर तें त्याला कशांत मिळालें म्हणाल, तर त्याच्या गांवच्या मिरचींत! १९३७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. ठेच्यासाठीं हिरवी मिरची कुटणाऱ्या बाईच्या हाताखालीं केवढें शास्त्र असतें पाहा.

'क' जीवनसत्त्वाचा एक उपयोग आपल्या विशेष कामाचा आहे. पालेभाजींतील लोह शरीरांत सहजासहजीं शोषलें जात नाहीं. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटांत गेलें तर तें अधिक शोषलें जातें. उलट जेवणावर लागलीच चहा घेतला तर कमी. गाजर, लाल भोपळा आणि हिरवीं पानें यांत कॅरोटीन असतें. त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें. तें कमी पडलें कीं रातांधळें येतें. पण कॅरोटीन अंगीं लागण्यास थोडें तेल लागतें, म्हणून आपली फोडणी ही नुसती जिभेची चैन नव्हे. शिवाय पानांत फोलेट हें एक जीवनसत्त्व असतें. नवें रक्त तयार होण्यास तें लागतें, आणि गरोदर बाईला तर विशेष. भाजीचा चोथा पोट साफ ठेवतो तो निराळाच.

हें सारें ध्यानांत घेऊन आतां आपल्या वऱ्हाडांत येऊं. माझें धामणगांव हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरचें कापसाचें गांव. कापसाच्या या मुलखांत अंबाडी ठाऊक नाहीं असा माणूस विरळा. शेताच्या धुऱ्याला अंबाडी पेरीत. कोंवळी असतांना तिचीं पानें भाजीला. मोठी झाली कीं ताटें पाण्यांत भिजत घालून वाख काढावयाचा आणि त्याचे दोर वळावयाचे. बैलाची वेसण, दावें, मोटेचा नाडा, सगळें त्या वाखाचें. आंबट पानें उकडून, ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून घोटलेली भाजी, वर लसणाची फोडणी आणि शेजारीं ज्वारीची भाकर, हें जेवण ज्यानें लहानपणीं खाल्लें त्याला त्याची आठवण करून द्यावी लागत नाहीं.

ही भाजी आपल्याला गांवढळ वाटते. शहरच्या पाहुण्यापुढें ती वाढावयाची गृहिणीला लाज वाटते. पण तिचें गोत्र पाहा. अंबाडीचें मूळ घर आफ्रिका. सेनेगालांत लाल अंबाडीला 'बिसाप' म्हणतात. तिच्या लाल बोंडांचें सरबत पितात आणि पानांची आंबट चटणी मासळी-भाताबरोबर खातात. मेक्सिकोंतहि त्याच बोंडांचें सरबत घरोघर होतें. आंध्र-तेलंगणांत हीच 'गोंगुरा', आणि तिच्या लोणच्याचा तेलुगु माणसाला केवढा अभिमान! ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, तेथें ही आंबट पानें कांदा-लसूण व सुक्या झिंग्यांबरोबर परततात. तीन खंडांत मान पावलेली ही भाजी आपल्याच स्वयंपाकघरांत मान खालीं घालून उभी आहे.

अंबाडी एकटी नव्हे. तरोटा, चिवळ, घोळ, चवळाई, करडईचीं व हरभऱ्याचीं कोंवळीं पानें, शेवग्याचा पाला हीं सर्व त्याच गरिबाघरचीं. यांतील कित्येक कोणी पेरीत नाहीं, पाऊस पडला कीं आपोआप उगवतात. या पानांची किंमत ओळखणारा एक प्रयोग आमच्याच शेजारीं झाला होता. पुलगांवच्या पलीकडे वर्ध्याला मगनवाडींत गांधीजी १९३५ सालीं राहत होते. खेड्यांतील माणसाला फुकट किंवा अल्प मोलांत मिळणारा पाला पोषणाची किती उणीव भरून काढील, हें ते स्वतः खाऊन व सहकाऱ्यांना खाऊं घालून पाहत होते, आणि त्याविषयीं 'हरिजन' पत्रांत लिहीतहि होते. मुळ्याचा व गाजराचा जो पाला आपण बाजारांतच मोडून टाकतों, तोहि त्यांच्या ताटांत असे. ते पानें कच्चीं खात. आपण खावयाचीं तर तीं आधीं पुष्कळ पाण्यानें धुवावीं.

पान चुलीवर चढलें कीं त्याचे गुण टिकविणें किंवा घालविणें गृहिणीच्या हातीं असतें. 'क' जीवनसत्त्व व फोलेट पाण्यांत विरघळतात आणि फार उष्णतेनें नासतात. म्हणून भाजी आधीं धुवावी आणि मग चिरावी. आपण बहुधा उलट करतों. फार बारीक चिरूं नये, चिरून तासन् तास ठेवूं नये. पाणी थोडें घालावें, झांकण ठेवावें, आणि शिजली कीं उतरावी. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा टाकणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे, कीं रंग राहतो खरा, पण जीवनसत्त्व जातें. अंबाडीचें उकडलेलें पाणी फार आंबट म्हणून फेकतात. तें सगळें फेकण्याऐवजीं थोडें वरणांत घालावें. चिंचेचें काम आपोआप होतें. पालक, चुका व चमकोरा यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल बरेंच असतें. मुतखड्याची खोड असलेल्यांनीं हीं पानें उकडून पाणी टाकलें तर तें शहाणपणाचेंच. वाढतांना भाजीवर लिंबू पिळावें. लोखंडी कढईंत शिजविल्यास, विशेषतः आंबट भाजी, लोहाचा थोडा अंश अन्नांत उतरतो. ती काळसर दिसते म्हणून नाक मुरडूं नये. मात्र शिजली कीं दुसऱ्या भांड्यांत काढावी.

येथवर सांगितलें तें सोपें होतें. आतां अडचणीकडे वळतों. हीं पानें आज मिळतात कोठें? नायलॉनचा दोर बाजारांत आला आणि वाखाचें काम संपलें. धुऱ्यावरची अंबाडी त्याबरोबर उठली. निंदणाला मजूर मिळेनात म्हणून तणनाशकाची फवारणी आली. तिनें तरोटा, घोळ, चिवळ यांना तण म्हणून जाळलें. पूर्वी निंदावयास गेलेली बाई सायंकाळीं ओट्यांत भाजी घेऊन येई. मजुरी वेगळी आणि ही भाजी वेगळी. आतां ती रिकाम्या ओट्यानें येते. कापसावर कीटकनाशकें इतकीं फवारलीं जातात, कीं त्या शेतांतलें पान तोडून आणा असें सांगावयाची मलाच भीति वाटते. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरलों नसूं. गरिबाची फुकटची भाजी अशी दोन्हीकडून गेली, आणि बाजारची त्याला परवडत नाहीं.

मग उपाय काय? मीं केलेला एक लहानसा प्रयोग, त्यांतील चुकीसकट, सांगतों. मी ज्या शाळेंत होतों तेथें मुलांना दुपारची खिचडी मिळे. प्राथमिक वर्गांतील मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावी असा या योजनेचा नियम. प्रत्यक्षांत खिचडींत जो काय पाला-फोडी पडत, त्या मुलें निवडून ताटलीच्या कांठाला लावीत. मला वाटलें, मुलांनीं स्वतः भाजी लावली तर खातील. हात धुण्याचें पाणी जेथें वाहून जाई तेथें चार वाफे केले आणि पुस्तक वाचून मोठ्या हौसेनें पालक व टोमॅटो लावले. मार्च संपतां संपतां सारें करपलें. मुलें हिरमुसलीं, आणि मी त्यांच्याहून अधिक. खिचडी शिजविणाऱ्या मावशी दारांतून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "उन्हायात पालक कायले लावता, गुरुजी? अंबाडी टाका, चवळाई टाका." पुस्तकांतील मळा पुण्याकडचा होता, ऊन वऱ्हाडचें होतें. आम्हीं अंबाडी व चवळाई टाकली, कुंपणाला शेवग्याच्या दोन फांद्या रोवल्या. त्या वाफ्यांनीं आम्हांला पुढें कधीं दगा दिला नाहीं. आणि ज्या मुलांनीं पाळीपाळीनें पाणी घातलें, तीं खिचडींतील पान कांठाला लावीनात. एक पोरगी तर आपलें ताट दाखवून म्हणाली, "हें माझ्या वाफ्यांतलें आहे." भाजीची गोडी लावण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाहीं. शहरांतील बिऱ्हाडांत वाफा नसला तरी गॅलरी असते. दोन कुंड्यांत चवळाई आणि मेथी खुशाल येते.

शेवटीं जी गोष्ट सांगावयाची ती बोलतांना मला थोडें जड जातें. लहानपणीं आम्ही भावंडें आणि वडील आधीं जेवीत असूं. आई शेवटीं बसे. तोंवर पातेल्यांत भाजीचा रस्सा उरलेला असे, फोडी उरलेल्या नसत. ती भाकरीच्या तुकड्यानें पातेलें पुसून घेई आणि म्हणे, "मला हेंच आवडतं." आम्ही तें खरें मानलें. ती नेहमी थकलेली असे, जिना चढतांना तिला धाप लागे; तें आम्हीं वयाचें मानलें. तेव्हां तिचें वय पस्तीसहि नव्हतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पांचव्या फेरींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. या आंकड्यामागें कारणें अनेक आहेत. नुसत्या भाजीनें तो पुसला जाईल असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. ज्या बाईला अशक्तपणा आहे तिनें डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें आणि सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्या. पालेभाजी ही गोळीच्या जागीं नव्हे, तिच्या जोडीला आहे. परंतु ज्या घरांत भाजी 'तोंडीं लावण्यापुरती' होते, त्या घरांत ती संपतांना प्रथम कोणाच्या ताटांतून संपते, हें पाहावयास पाहणीची गरज नाहीं.

भाद्रपदांत ज्येष्ठा गौरी घरीं येतात. आम्ही वऱ्हाडांत त्यांना महालक्ष्मी म्हणतों. त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. घरची गृहिणी गांवभर हिंडून सोळावी भाजी मिळविते, तेव्हां कोठें तिचा जीव निवतो. वर्षांतून एक दिवस देवीपुढें सोळा भाज्या, आणि उरलेले दिवस घरच्या लक्ष्मीपुढें रिकामें पातेलें, हा व्यवहार कांहीं बरा नव्हे. सोळा नकोत, रोज दोन पुरेत, त्यांतील एक पाल्याची असावी, आणि ती पातेलेंभर असावी. वाढतांना घरांतील सर्वांचीं पानें एकदम मांडावीं, म्हणजे कोणाच्या वांट्याला नुसता रस्सा येणार नाहीं. आज रात्रीं जेवावयास बसाल तेव्हां आपल्या ताटाकडे पाहण्यापूर्वी वाढणारीच्या ताटाकडे एकदां पाहा, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती.